साडेनऊ वर्षांची चुप्पी

नागारू तानिगावा हे नाव मराठी वाचकांपैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. घरात जपानी ॲनिमे बघणारं कुणी असेल तर त्याला विचारा, तो लगेच 'हारुही' म्हणेल. मला हे नाव माझ्या भाचीनं सांगितलं, आणि तेही टोमणा मारत. ती म्हणाली, "मामू, हा लेखक अगदी तुमच्यासारखा आहे. मध्येच गायब होतो."

आधी त्याच्याबद्दल सांगतो, मग टोमण्याबद्दल.

जपानमध्ये 'लाइट नॉव्हेल' नावाचा एक प्रकार आहे. खिशात मावेल एवढं पुस्तक, मधूनमधून मांगा वळणाची चित्रं, गप्पा मारल्यासारखी पुढे सरकणारी गोष्ट. वाचक मुख्यतः शाळा-कॉलेजातली मुलं. हा धंदा मालिकांवर चालतो. एक भाग खपला की काही महिन्यांत पुढचा हवा असतो, कारण वाचक मोठा होतो, त्याची आवड बदलते आणि दुकानातली जागा दुसरं कुणीतरी पटकावतं. थोडक्यात, इथे लेखकाला थांबणं परवडत नाही.

तानिगावा १९७० साली जन्मले, ह्योगो प्रांतात. क्वानसेई गाकुइन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. 'हारुही सुझुमियाची उदासी' या कादंबरीला स्नीकर पुरस्कारातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि जून २००३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याच महिन्यात दुसऱ्या पुस्तकमालेत त्यांची आणखी एक कादंबरी आली. तेहतिशीच्या आसपासचा नवखा लेखक आणि एकाच महिन्यात दोन पुस्तकं! मालिकेची चित्रं नोइझी इतो यांनी काढली. २००३ ते एप्रिल २००७ या चार वर्षांच्या आत हारुहीची नऊ पुस्तकं झाली. इतर लेखन वेगळंच.

गोष्ट साधी वाटते. हारुही ही शाळकरी मुलगी. तिला साध्यासुध्या माणसांत रस नाही. परग्रहवासी, भविष्यातून आलेले लोक, अतींद्रिय शक्ती असलेले, असले कुणी भेटावेत म्हणून ती शाळेत एक मंडळ काढते. ते सगळे खरंच तिच्या शेजारी येऊन बसतात, फक्त तिला ते कळत नाही. हे सांगतो क्योन, तिचा वर्गमित्र. कुरकुऱ्या, तिरकस, पण आतून चांगला पोरगा. माझ्या मते मालिकेचा जीव या मुलाच्या आवाजात आहे. मी इंग्रजी अनुवाद वाचला, तरी हा आवाज तिथवर पोचला होता.

२००६ मध्ये क्योतो ॲनिमेशननं त्यावर मालिका केली, भाग मुद्दाम उलटसुलट क्रमानं दाखवले, आणि हारुही जगभर गेली. आता कुठल्याही प्रकाशकाला वाटेल, लोखंड तापलंय, ठोका. २००७ मध्ये दहावं पुस्तक जाहीरही झालं. आलं नाही. ते आलं मे २०११ मध्ये, दोन भागांत, आणि पहिली छपाईच पाच लाखांवर होती. त्यानंतर पुढचं पुस्तक नोव्हेंबर २०२० मध्ये. साडेनऊ वर्षं! जी मुलं दहावीत वाट बघायला लागली, त्यांच्यापैकी काहींना तोवर मुलं झाली असतील.

आता टोमण्याबद्दल. अब्बा गेल्यानंतर मी इथे चौदा महिने एक ओळ लिहिली नाही. तुमच्यापैकी काहींनी आपुलकीनं विचारलं. एकानं लिहिलं, "वाचकाला इतकं ताटकळत ठेवणं बरं नाही, आम्ही तुम्हाला वेळ दिला आहे." मला राग आला नाही, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. वाचकानं दिलेला वेळ हे कर्ज असतं का? मग त्याचे हप्ते किती, आणि मुदत कोणती?

तानिगावांच्या वाचकांनीही हाच हिशोब मांडला असणार. पण साडेनऊ वर्षांनंतरच्या त्या पुस्तकात काय आहे बघा. तीन कथा. त्यांतल्या दोन आधी इतरत्र छापून आलेल्या. नवी आणि सर्वांत लांब कथा म्हणजे एक कोडं. त्सुरुया नावाची त्यांची मैत्रीण प्रवासाला गेली आहे आणि तिथून ईमेलवर रहस्य पाठवते. मंडळातले सगळे खोलीत बसून ते सोडवतात, रहस्यकथांवर वाद घालतात. मालिकेचा भव्य शेवट नाही, जुन्या गाठींचा उलगडा नाही. थकलेले हप्ते भरायला आलेला माणूस असं लिहीत नाही. त्याला गंमत वाटेल ते त्यानं लिहिलं, आणि क्योनचा आवाज तसाच तिरकस आहे. हसरा आवाज ओढूनताणून काढता येत नाही. मी त्या चौदा महिन्यांत काढून पाहिला होता.

वाट बघताना एक गोष्ट मात्र विसरली जाते. फक्त लेखकच जातो असं नाही. २०१० मध्ये मालिकेतल्या चौथ्या पुस्तकावर चित्रपट आला. त्यात एका डिसेंबरच्या सकाळी क्योन शाळेत जातो, तर वर्गात हारुही नाही आणि कुणाला ती आठवतही नाही. शांत, बिनकटकटीचं जग समोर असताना तो जुनं कटकटीचंच निवडतो. या चित्रपटाचे एक दिग्दर्शक यासुहिरो ताकेमोतो. १८ जुलै २०१९ रोजी क्योतो ॲनिमेशनच्या स्टुडिओला आग लावण्यात आली. ३६ माणसं मेली, ताकेमोतो त्यांत होते. पुढच्या वर्षी पुस्तक आलं तेव्हा ते वाचायला नव्हते.

म्हणून मला कर्जाची भाषा पटत नाही. लेखक आणि वाचक दोघंही टिकून असले, तरच पुढचं पुस्तक वाचलं जातं. यातलं काहीच कुणाच्या हाती नाही. तानिगावांचं त्यानंतरचं पुस्तक नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, चार वर्षांनी. त्यांच्या मानानं ही घाईच म्हणायची.

भाचीला मी एवढंच म्हणालो, "गायब झालेला माणूस परत आला की नीट वाचावं, तारखा मोजू नयेत." ती म्हणाली, "मग तुम्ही पुढचं कधी लिहिणार?"