एक जूनची एकतीस मे झाली

आपल्या घरांत दोन तारखा सुखाने नांदतात. भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख रात्री बाराला बदलते, चांदरातीची मगरिबला. रत्नागिरीच्या इफ्तारच्या वेळेवर नागपूरचा रोजा सोडत नाहीत, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण रेखांशांतील फरकामुळे नागपूरचा सूर्य सुमारे २३ मिनिटे पुढे. वेळ नेहमी कुठल्यातरी गावची असते, हे आपण न शिकवता शिकतो. संगणकाला मात्र ते शिकवावे लागते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून शेजारच्या खाला मागच्या वर्षी नातीचे कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "बेटा, हिच्या आधारवर तारीख चुकलीय म्हणतात. उद्या केंद्रावर जाऊन बदलून घेऊ का?"

मुलीने शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरला होता. जन्मतारीख १ जून २००५. छापील अर्जावर मात्र ३१ मे २००५ आली होती. आधार आणि अर्ज जुळत नाहीत, म्हणून कार्यालयाने आधार दुरुस्त करून आणायला सांगितले. दाखला, मार्कशीट, आधार, सगळीकडे १ जून. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. ती बदलली असती, तर उरलेले सगळे कागद खोटे ठरले असते. मी म्हटले, "खाला, आधारला हात लावू नका."

अर्जाचे पान उघडून पाहिले. मुलीने १ जून निवडली की पान तिला गुपचूप वेळ जोडत होते: १ जून, रात्रीचे ००:००, भारतीय वेळ. साठवताना त्याची जागतिक प्रमाणवेळ होत होती. भारत तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणून ३१ मे, १८:३०. छापताना तास गळून पडत आणि उरे फक्त ३१ मे. तारखेच्या बिघाडात १८:३० दिसले की आम्ही लोक लगेच ओळखतो.

खात्रीसाठी लॅपटॉपचे घड्याळ आइसलँडवर लावले. तिथली वेळ बाराही महिने जागतिक प्रमाणवेळच असते. तोच अर्ज पुन्हा भरून पाहिला, तर छापून आली १ जून! म्हणजे दोष एकट्या या मुलीच्या अर्जात नव्हता. भारतात बसून अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाचा जन्म एक दिवस मागे सरकत होता.

दोन्ही छापील प्रती जोडून आम्ही कार्यालयाला पत्र लिहिले: जन्मतारखेला तास जोडू नका, वर्ष, महिना, दिवस एवढेच साठवा. आठवड्याभरात निरोप आला, अर्ज मंजूर, आणि इतर मुलांच्या तारखाही तपासत आहेत. खालांनी शिरखुर्मा पाठवला, ईद नसताना!

बहिणींनो, अर्ज पाठवण्याआधी छापील प्रत दाखल्याशी ताडून पाहा. हाताने लिहिताना महिना अक्षरांत लिहा, कारण ०३/०४ आपल्याकडे ३ एप्रिल असते आणि अमेरिकेत ४ मार्च. आणि फरक निघालाच, तर आधी अर्ज तपासायला सांगा. मुलींचे कागद बरोबर असू शकतात, एवढा विश्वास तरी आपण त्यांच्यावर ठेवूया.