खुंटीवरचं जॅकेट



आमच्या दारामागच्या खुंटीवर एक काळं जॅकेट असतं. मुलगा रोज जयसिंगपूरहून शिरोलीच्या एमआयडीसीत मोटारसायकलवरून जातो, त्याच्यासाठी दिवाळीत घेतलं. दुकानदाराने आधी चामड्याचं पुढे केलं. "ताई, घसरलं तरी चामडं लवकर फाटत नाही," म्हणाला. ते खरंही आहे. पण चामडं आपल्या घरात कसं आणायचं? मग जाळीच्या जाड कापडाचं घेतलं. खांद्याला, कोपराला, पाठीला पॅड. पॅडवर ईएन १६२१ आणि लेव्हल २ असं छापलेलं बघून घ्यावं, लेव्हल १ पेक्षा ते धक्का जास्त शोषतं. हातमोज्यांच्या तळव्याला बरेचदा चामडं असतं, तेही लेबल वाचूनच घेतले.

उन्हाळा लागला तसं जॅकेट खुंटीवरच राहू लागलं. "आई, भट्टी आहे गं ती!" रोजचा वाद. एका रविवारी मी ते धुवायला काढलं. पॅड काढले, चेन उघडली, तर आत पावसाचं अस्तर तसंच लावलेलं! बाहेर जाळी आणि आत रेनकोट, मग वारा लागणार कसा? अस्तर सोडवून कपाटात ठेवलं. जॅकेट थंड पाण्यात हाताने धुतलं, न पिळता सावलीत वाळवलं. घामाचा वासही गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, "आई, आता वारा लागतो." तेव्हापासून न सांगता घालायला लागला.

गुडघ्याचे गार्ड मात्र कपाटातच राहिले. ते पँटच्या आत घालायचे होते, कामावर पोचल्यावर काढायचे कुठे?

वैशाखात एका संध्याकाळी हातकणंगल्याजवळ खडीवरून त्याची गाडी घसरली. घरी आला तेव्हा जॅकेटचं कोपर घासून पांढरं पडलेलं, आत हाताला ओरखडाही नाही. गुडघा मात्र सोलून निघाला होता. जखम धुताना मी रागाने विचारलं, "एवढी घाई कसली?"

"दिवस मावळायच्या आत जेवायचं होतं ना. तुझा फोन आला होता."

मी गप्पच झाले. रात्रीभोजन टाळायचं ते जीवहिंसा होऊ नये म्हणून. आपले मुनी ईर्यासमिती पाळतात, चार हात जमीन बघून पाऊल टाकतात. आणि मी रोज सहा वाजता फोन करून मुलाला पळवत होते.

आता सकाळी दोन डबे देते. दुसरा तो कारखान्यातच, उजेड असताना खातो आणि मग सावकाश निघतो. गार्डही पँटवरून पट्ट्यांनी बांधायचे आणले. दोन मिनिटांत निघतात, म्हणून रोज वापरले जातात. तेही आता त्याच खुंटीवर असतात.

तुमच्याकडेही जॅकेट नुसतं लटकत असेल, तर मुलांवर रागावण्याआधी एकदा चेन उघडून आतलं अस्तर बघा. आणि संध्याकाळी घरून फोन कोण करतं, तेही बघा.