काळोखातील प्रवाळ आणि एक कापलेला गुण

शालेय भूगोलात प्रवाळांची ओळख सहसा उष्ण, उथळ व स्वच्छ पाण्यात वाढणारे जीव एवढीच करून दिली जाते, आणि ही ओळख अपुरी असल्याचे लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला त्याबद्दल गुण गमवावा लागतो, ही गोष्ट प्रस्तुत लेखिकेला अजूनही खुपते. उथळ पाण्यात खडक रचणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते व सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून आपल्या यजमानाला पुरवते, म्हणून त्यांना उजेड लागतो. खोल समुद्रातील प्रवाळांत असे शैवाल नसते, आणि ते साधारण ४ ते १२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, प्रवाहाबरोबर येणारे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, तसेच वरच्या थरांतून सतत खाली झरणारे सेंद्रिय कण, ज्यांना सागरी हिम म्हणतात, स्पर्शकांनी पकडून जगतात. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ, उत्तर ध्रुववृत्ताच्याही उत्तरेला, ३०० ते ४०० मीटर खोलीवर सुमारे ३५ किलोमीटर लांबीची अशी प्रवाळरांग २००२ मध्ये आढळली.

हा विषय रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यावरच्या एका शाळेत सहावीच्या मुलांपुढे मांडताना लेखिकेने खिडक्यांना चादरी लावून वर्गात अंधार केला, मुलांना जागेवरून न हलता फक्त हाताची बोटे पसरून बसायला सांगितले आणि वरून कागदाचे बारीक कपटे सोडले. पंख्याच्या झोतातील मुलांच्या ओंजळी भरल्या, कोपऱ्यातील मुलांच्या रित्याच राहिल्या, आणि आपल्याला वारा का नाही, अशी तक्रार त्या कोपऱ्यातूनच आली. खोल समुद्रातील प्रवाळ उंचवट्यांवर व वेगवान प्रवाहाच्या वाटेवर का वाढतात, हे त्यानंतर समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

संवर्धनाचा भाग त्या मानाने अवघड गेला, कारण अशा प्रवाळांची सर्वांत मोठी हानी तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांनी होते आणि वर्गातील काहींचे वडील ट्रॉलरवरच जात होते. मोडलेली फांदी वर्षाला काही मिलिमीटर, फार तर दोन-अडीच सेंटिमीटर वाढते, हे ऐकून मुले गप्प झाली. परंतु नॉर्वेत याविषयी प्रथम ओरड करणाऱ्यांत गळ व स्थिर जाळी टाकणारे मच्छीमारच होते आणि १९९९ मध्ये तेथील सरकारने प्रवाळांची हेतुपुरस्सर हानी करण्यास बंदी घातली, हे कळल्यावर किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या रापणकरांची मुले एकदम बोलू लागली व तास भांडणात संपला. असे भांडण व्हावे, असेच लेखिकेचे मत आहे.

पुढे सहामाही परीक्षेत प्रवाळ कोठे आढळतात, असा प्रश्न आला. एका मुलीने पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे लिहून त्याखाली खोल, थंड व काळोख्या समुद्रात राहणारे प्रवाळही असतात, असे दुसरे वाक्य जोडले. तपासनिसाने तांबड्या शाईने एकच तिरपी रेघ दोन्ही वाक्यांवरून ओढली आणि दोनपैकी एक गुण दिला. दुसरे वाक्य नमुना उत्तरात नाही, हे स्पष्टीकरण एक वेळ समजून घेता येईल. परंतु ज्या पहिल्या वाक्याला इतरांना पूर्ण गुण मिळाले, तेच वाक्य येथे अर्धे कसे ठरले, याचे उत्तर विचारूनही मिळाले नाही. गुण वाढवला तर सगळेच पालक येतील, असे मात्र सांगण्यात आले. मुलीच्या आईने हात जोडून विषय संपवला, आणि वार्षिक परीक्षेत मुलीने दुसरे वाक्य गाळून पूर्ण गुण मिळवले.

खोल समुद्रातील प्रवाळांचा पाठ्यपुस्तकात समावेश व्हावा, असा आग्रह लेखिकेने त्याआधी अनेक ठिकाणी धरला होता. आता तो धरवत नाही, कारण पाठ आला की त्याबरोबर रिकाम्या जागाही येतील, जोड्याही लागतील आणि पंख्याखालचे कपटे कोणी उडवणार नाही. उलट पाठ नसल्यामुळेच गुण कापला गेला, हेही तितकेच खरे आहे. तूर्त तपासनिसांच्या सूचनापत्रात एका ओळीची भर पडली तरी पुरे: उत्तरातील जादा विधान बरोबर असल्यास त्यापायी मूळ उत्तराचे गुण कापू नयेत.