ऋण फेडण्याची रीत

मनुष्य जन्मतःच तीन ऋणें घेऊन येतो, असें आपल्याकडे मानिलें आहे: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. पैकीं ऋषिऋण अध्ययनानें फिटतें. परंतु गुरूनें दिलें तें जसेंच्या तसें वठविलें म्हणजे तें फिटतें, कीं त्यांत स्वतःची कांहीं भर घालावी लागते, हा प्रश्न पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवीत असतां मला वारंवार पडे. त्याचें समाधानकारक उत्तर अलीकडे अगदीं अनपेक्षित ठिकाणीं सांपडलें. तें ठिकाण म्हणजे अमेरिकन गिटारवादक जो पास याची १९६४ सालची 'फॉर जँगो' ही ध्वनिमुद्रिका. घरांतील नातवंडांच्या कृपेनें ती कानीं पडली.

हा जँगो राइनहार्ट १९१० सालीं बेल्जममध्यें एका भटक्या जिप्सी कुटुंबांत जन्मला. १९२८ सालीं त्याच्या राहत्या गाड्याला आग लागली. तींत डाव्या हाताचीं शेवटचीं दोन बोटें आखडून जवळजवळ निकामी झालीं. तारा दाबावयाच्या त्या याच हातानें! दुसऱ्या एखाद्यानें वाद्य खुंटीला टांगलें असतें. यानें उरलेल्या दोन बोटांनीं नवी रीत बसविली आणि १९३४ सालीं पॅरिसमध्यें व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्यासह जो मेळ उभा केला, त्यानें युरोप खंडांत जॅझ संगीताला स्वतःचा आवाज दिला. १९५३ सालीं, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षीं तो वारला.

जो पास हा पेन्सिल्व्हेनियांतील एका पोलाद-कामगाराचा मुलगा. हात विलक्षण तयार. पण ऐन तारुण्यांत मादक द्रव्यांच्या व्यसनांत सांपडून त्याचीं कित्येक वर्षें वायां गेलीं, तुरुंगहि पाहावा लागला. पुढें कॅलिफोर्नियांतील एका व्यसनमुक्ति-संस्थेंत राहून तो सांवरला. वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं त्यानें आपल्या पूर्वसूरीला ही स्वरांजलि वाहिली.

तिच्यांतील विशेष पाहा. जँगोच्या प्रसिद्ध मेळांत व्हायोलिन होतें, ढोल-ताशा नव्हता; येथें व्हायोलिन नाहीं, आणि ढोल आहे. वाद्य विजेवरचें आहे. जँगोची 'न्युआज', म्हणजे मेघ, या नांवाची रचना तींत आहे. तशीच जॉन लुइस यानें जँगोच्या स्मृत्यर्थ १९५४ सालीं बांधलेली एक गतहि आहे. आपल्याकडे बंदिश तीच असून विस्तार ज्याचा त्याचा असतो, तसेंच हें. गुरूचीं दोन बोटें आखडलीं होतीं म्हणून शिष्यानें आपलीं बोटें बांधून घेतलीं नाहींत. एकलव्याची गुरुभक्ति थोर खरी. पण अंगठा गेल्यानें विद्येची वृद्धि झाली असें कोण म्हणेल?

हें सर्व आमच्या घरीं उपयोगीं पडलें. माझे दिवंगत ज्येष्ठ बंधु पेटीवर भजनें म्हणत. त्यांची एक चाल त्यांचा नातू गिटारवर वाजवूं लागला आणि यंदाच्या पुण्यतिथीला ती वाजविण्याचा त्याचा मनोदय कळतांच घरांत दोन पक्ष पडले. वहिनी तर स्पष्टच म्हणाल्या, "भाऊजी, ती चाल त्यांच्या पेटीबरोबर गेली. आतां तिची चेष्टा नको." त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, दुःख होतें, म्हणून मी वाद घातला नाहीं. मी त्यांना जँगोच्या बोटांची आणि जो पासची हकीकत तेवढी सांगितली. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

दोन दिवसांनीं त्यांनीं नातवाला हांक मारली, समोर बसवून चाल ऐकली आणि म्हणाल्या, "मधें तुझें काय तें वाजव. पण शेवटीं ते जिथें थांबत, तिथें क्षणभर थांब."

ऋण फेडावें कसें, याविषयीं याहून नेमकें मला सांगतां येणार नाहीं. गेलेल्या माणसाची जागा कोणती, हें ओळखून तेथें थांबावें. उरलेली वाट मात्र आपल्याच पायांनीं चालावी.