चेन आखूड हवी होती

छोट्या कारखान्यात पहिली रेसिंग कार उभी राहते तेव्हा तिचा आराखडा बराचसा हाताशी काय सामान आहे यावर ठरतो, आणि यात काहीही कमीपणा नाही, असं माझं, नळ्या कापून वेल्डिंग करणाऱ्याचं, ठाम मत आहे. लंडनच्या कडेला सर्बिटनमध्ये कूपर बापलेकांचं गॅरेज होतं. १९४६ साल, महायुद्ध नुकतंच संपलेलं, पेट्रोल रेशनवर. चार्ल्स आणि जॉन कूपर यांनी फियाट टोपोलिनो या चिमुकल्या गाडीचे दोन पुढचे भाग घेतले आणि पाठीला पाठ लावून जोडले. टोपोलिनोला पुढे स्प्रिंगचा आडवा पाटा होता आणि पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली होई. आता चारही चाकांना ती सोय मिळाली. इंजिन मोटारसायकलचं, जॅप कंपनीचं, एका सिलिंडरचं, ५०० सीसीचं. ते चेनने चाकं फिरवणार, म्हणजे चेन आखूड हवी, म्हणजे इंजिन चालकाच्या पाठीमागे. वजनाच्या वाटणीचा सिद्धान्त आधी मांडून ही जागा ठरलेली नव्हती.

मग हा निव्वळ योगायोग, यात कारागिरी कुठे, असं कुणी विचारेल. शिवाय जर्मनीत ऑटो युनियनने युद्धापूर्वीच मागे इंजिन असलेल्या गाड्या शर्यतीत पळवल्या होत्या. कल्पना जुनी होती हे खरंच. पण ऑटो युनियनच्या गाड्या मोजक्याच चालकांच्या हाती गेल्या, तर कूपरनी आपल्या ५०० सीसीच्या गाड्या बांधून विकल्या. तरुण स्टर्लिंग मॉस १९४८ साली त्यांच्याच गिऱ्हाइकांत होता. विकलेली गाडी वेगवेगळ्या हातांत पळते, आपटते आणि मोडलेला भाग घेऊन दारात परत येते. तो भाग वाचता येणं हीच माझ्या मते कारागिरी. चीर वेल्डच्या कडेने गेली असेल तर आधी उष्णतेवर संशय घ्यावा. नळी दोन सांध्यांच्या मधोमध वाकली असेल तर भार सांध्यावर न येता भलतीकडे आला का, ते पाहावं. योगायोगाने मिळालेली रचना टिकते ती अशा वाचनामुळे.

खरी जड हरकत वाकड्या नळ्यांची आहे. ओवेन मॅडॉक यांनी आखलेल्या कूपरच्या चासींत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यांत, नळ्या बाकदार असत. हिशोबाने हे चूकच: नीट रचलेल्या त्रिकोणातली सरळ नळी मुख्यतः ओढ आणि दाब घेते, बाकदार नळी भाराखाली आणखी वाकू पाहते. लोटस या दुसऱ्या रेसिंग कारखान्याचे कॉलिन चॅपमन सरळ नळ्यांचे त्रिकोण रचत, आणि कागदावर तेच श्रेष्ठ. ही हरकत मी मान्य करतो. तरीही बाकदार नळी इंजिनाला वळसा घालून जाते, पान्याला जागा सोडते, आणि मोजक्या माणसांच्या कारखान्यात ही जागा फार मोलाची असते. शिवाय अशा गाड्या जिंकल्याही. १९५८ च्या जानेवारीत अर्जेंटिनातल्या शर्यतीत मॉसने रॉब वॉकर यांच्या मालकीच्या कूपरमधून, दोन लिटरहून थोड्या लहान इंजिनावर, फेरारींना मागे टाकलं. कूपरची चाकं चार बोल्टांची, बदलायला वेळखाऊ. म्हणून तो टायर बदलायला थांबलाच नाही, आणि हलक्या गाडीमुळे ते शेवटपर्यंत कसेबसे पुरले. पुढच्याच वर्षी जॅक ब्रॅबहॅम कूपर चालवून जगज्जेते झाले, आणि त्या गाडीच्या नळ्याही बाकदारच होत्या.