जालना कोणत्या बाजूला? हैदराबाद सिटी पोलीस नावाच्या संघाची गोष्ट

१/ मराठवाड्यात ‘हैदराबाद’ आणि ‘पोलीस’ हे शब्द शेजारीशेजारी आले की डोळ्यांपुढे सप्टेंबर १९४८ उभा राहतो. १३ तारखेला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. लोकांच्या बोलण्यात त्या दिवसांचे नाव ‘पोलीस ॲक्शन’ असेच राहिले. मात्र याच दोन शब्दांना त्या काळात आणखी एक अर्थ होता. ‘हैदराबाद सिटी पोलीस’ हा फुटबॉलचा एक संघ होता.

२/ इंग्लंडमध्ये व्यावसायिक लीगच्या खाली शेकडो छोटे क्लब आहेत. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव, शनिवारी सामना असा त्यांचा क्रम. गावोगावचे लोक त्यांचे इतिहास प्रेमाने जपतात. स्वातंत्र्यानंतरच्या भारतात तर सगळा फुटबॉलच असा होता. देशव्यापी लीग सुरू झाली ती थेट १९९६ मध्ये. तोवर सारी प्रतिष्ठा करंडकांची : मुंबईचा रोव्हर्स, दिल्लीचा डुरँड, कलकत्त्याची आयएफए शील्ड. हैदराबादच्या संघातील खेळाडू पोलीस खात्याच्या पगारपत्रकावर होते.

३/ १९५० मध्ये या संघाची सूत्रे सय्यद अब्दुल रहीम यांच्याकडे आली. रहीम (१९०९-१९६३) पेशाने शिक्षक, म्हणून सगळे त्यांना ‘रहीमसाहेब’ म्हणत. २०२४ च्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे त्यांचे नाव नव्या पिढीला कळले. परंतु चित्रपटातील राष्ट्रीय संघामागे ही पोलिसांची प्रयोगशाळा होती.

४/ रहीम यांच्या पद्धतीत शिक्षकाची शिस्त दिसते. त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या, ज्यांत चेंडू पायात घोळवत नेण्यास मनाई होती. आला की साथीदाराकडे सोपवायचा. काही स्पर्धांत केवळ कमजोर पायानेच खेळायचे. ज्याचा उजवा चांगला, त्याने डाव्याने. एकट्याच्या कसबापेक्षा अकरांची समज मोठी, हा धडा त्यांनी भाषणातून न देता नियमातून दिला.

५/ निकाल लगेच दिसले. १९५० च्या डुरँड करंडकात संघाने अंतिम फेरीत मोहन बागानला हरवले. त्याच वर्षी मुंबईत रोव्हर्स करंडक जिंकला आणि मग १९५१, १९५२, १९५३, १९५४ असा सलग पाच वर्षे तो सोडलाच नाही. १८९१ पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेत मुंबईकरांच्या डोळ्यांदेखत हैदराबादचे पोलीस दरवर्षी करंडक घेऊन परतत होते. नूर महंमद, अझीझुद्दीन, मोइनुद्दीन ही त्या संघातली नावे.

६/ या साऱ्याशी जालन्याचा काय संबंध? त्या पाचही वर्षी जालना हैदराबाद राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. अंबड-भोकरदनच्या शेतकऱ्याचा शेतसारा हैदराबादच्या तिजोरीत जमा होई, आणि त्याच तिजोरीतून पोलिसांचे पगार निघत. रोव्हर्स करंडकावर जालन्याचा काही हक्क असेल, तर तो एवढाच; पण तो नाकारता येण्यासारखा नाही.

७/ तरीही हा हक्क कुणी सांगितला नाही, यामागे कारण आहे. निजामी राजवटीतील खाकी गणवेशाची मराठवाड्यातली आठवण कडवट होती. रझाकारांचे अत्याचार, सत्याग्रहींचे तुरुंगवास, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा हे सारे दोन वर्षांपूर्वीचेच होते. ज्या गणवेशाची धास्ती घेतली, त्याच गणवेशातील अकरा जणांसाठी टाळ्या वाजवायला मन सहजी तयार होत नाही. त्या पिढीच्या मौनाला दोष देता येणार नाही.

८/ मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. भाषावार पुनर्रचनेत हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगणा आंध्र प्रदेशात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात, आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात. आदल्या रात्री हैदराबादचा असलेला जालनेकर सकाळी मुंबईचा झाला. भाषेच्या दृष्टीने ही घरवापसीच होती, आणि तिचा आनंदही खरा होता.

९/ त्यानंतर महिन्याभरात, १ डिसेंबर रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. प्रशिक्षक रहीम, संघात हैदराबादचे अनेक खेळाडू. तीन गोल मात्र मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे. पुढे उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाकडून हार झाली आणि भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताची याहून मोठी मजल आजवर नाही. नकाशावर नुकतीच जी रेघ ओढली गेली होती, तिच्या दोन्ही बाजूंची माणसे त्या दिवशी एका रंगात खेळली.

१०/ मायदेशी चित्र वेगळे होते. राज्यांच्या संघांसाठी असलेल्या संतोष करंडकाचा १९५६-५७ चा अंतिम सामना झाला हैदराबाद विरुद्ध मुंबई. पहिला सामना १-१ असा बरोबरीत सुटला. फेरसामन्यात हैदराबाद ४-१ ने विजयी. १९५७-५८ मध्ये पुन्हा हेच दोन संघ अंतिम फेरीत, आणि पुन्हा हैदराबाद, ३-१. तोवर हैदराबाद नावाचे राज्य नकाशावर उरलेही नव्हते. मैदानावर मात्र ते मुंबईला हरवत होते.

११/ आता मूळ प्रश्न. त्या सामन्यांत जालना कोणत्या बाजूला होते? शासनाच्या राजपत्रानुसार मुंबईच्या. सवयीने, सरकारी कागदांच्या जुन्या उर्दूने, थोरल्या शहराच्या ओढीने कदाचित हैदराबादच्या. राज्याची सीमा एका मध्यरात्री बदलते. माणसाची बाजू बदलायला एक पिढी लागते, आणि कित्येकदा ती अर्धीच बदलते.

१२/ संघाचे नावही मागाहून बदलले. १९५९ मध्ये हैदराबाद सिटी पोलीसचा ‘आंध्र प्रदेश पोलीस’ झाला. १९६२ मध्ये रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने नमवून आशियाई सुवर्णपदक जिंकले. तेव्हा ते कर्करोगाने ग्रासलेले होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. संघाने त्या वर्षीही रोव्हर्स करंडक जिंकला, पण पुढे त्याचे तेज हळूहळू ओसरले.

१३/ जालना १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. आज महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासात हा संघ सापडत नाही, कारण तो हैदराबादचा. आणि हैदराबादच्या फुटबॉल-इतिहासात मराठवाडा सापडत नाही, कारण तो महाराष्ट्रात गेला. दोन्ही पुस्तकांच्या मधल्या फटीत सहा वर्षे पडून आहेत : १९५० ते १९५६.

१४/ मुक्तिसंग्रामाचा अभिमान आणि या संघाविषयीची आपुलकी यांत विरोध मानण्याचे कारण नाही. राजवट वेगळी, आणि तिच्या शहरात चेंडूमागे धावणारी माणसे वेगळी. ज्या राज्यातून बाहेर पडण्यासाठी जालना लढले, त्या राज्यानेही काही सुंदर घडवले होते. एवढे मान्य करण्याने १७ सप्टेंबरचा झेंडा तसूभरही खाली येत नाही.