खेळ आणि खेळाडू

लखनौच्या विकास नगरात माझी थोरली बहीण राहते. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे असताना एका संध्याकाळी भाच्याचे मित्र जमले. मोबाइलवरील लढाईच्या खेळांवर चर्चा सुरू झाली. चर्चा कसली, सभाच ती! आधी नवख्यांच्या शंका, मग डावपेच. आणि कथानक असलेल्या खेळाचा शेवट कोणी फोडायचा नाही, हा दंडक. ही शिस्त मला मनापासून आवडली.

ताईही लुडो खेळते, असे मी सहज बोलून गेलो. "मामा, तो काही खेळ नव्हे, नुसता वेळ घालवायचा उद्योग," भाचा म्हणाला. सगळे हसले. स्वयंपाकघरात ताईने ते ऐकले असावे.

लुडो हा आपल्या पचिसीचा वंशज. इंग्लंडमध्ये १८९६ साली त्याचे पेटंट घेतले गेले. मोबाइलवरचा 'लुडो किंग' २०१६ साली नवी मुंबईच्या एका कंपनीने आणला. २०२० च्या टाळेबंदीत भाऊजी नव्हते, भाचा बंगळुरात अडकलेला. तेव्हा ताई रोज रात्री नऊला आम्हा पुण्याच्या भावंडांशी याच पटावर खेळे. एकही रात्र तिने चुकवली नाही. लहानपणी कवड्यांच्या खेळात माझी सोंगटी मारताना ती जशी खुदकन हसे, तशीच फोनवर हसे.

त्या रात्री जेवणानंतर तिने फोन पुढे केला. भाचाही येऊन बसला. डाव रंगात आला असता ताईने त्याची घरापाशी पोहोचलेली सोंगटी मारली. तो क्षणभर पटाकडे पाहत राहिला.

"आई, ही सोंगटी तू मुद्दाम मागे ठेवली होतीस?"